मॉरिस मायनरच्या १०९८ सीसी इंजिनाला घरच्या गॅरेजात सुपरचार्जर: कुणी केलंय का?

दहाचा_पाना

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा, गेली अकरा वर्षं इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ राहतो. सहा वर्षांपूर्वी एका वयस्कर जोडप्याकडून १९६७ ची मॉरिस मायनर घेतली. दोन दारांची, फिकट हिरवी, आतल्या लाल सीटा अजून मूळच्या. इंजिन ए-सिरीजचं १०९८ सीसी, कागदावर ४८ अश्वशक्ती. सपाटीला गाडी सोन्यासारखी चालते. पण आम्ही चौघं बसून पीक डिस्ट्रिक्टमधल्या स्नेक पासला निघालो, की अर्ध्या चढात तिसरा गिअर, पुढच्या वळणाला दुसरा, आणि आरशात बघावं तर मागे ही भलीमोठी रांग. धाकटी म्हणते, "बाबा, गाडी दमली."

तर गेल्या महिन्यात भंगारातून एक ईटन एम-४५ सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा, पट्ट्यावर फिरणारा पंप, म्हणजेच ब्लोअर) आणलाय, २००४ च्या मिनी कूपर एसमधून काढलेला. सध्या तो जुन्या टॉवेलात गुंडाळून टेबलावर ठेवलाय. रोटर हाताने फिरवून पाहिले, कुठे घासत नाहीत.

आता खरे प्रश्न. कार्बोरेटर ब्लोअरच्या आधी ठेवू की नंतर? पट्टा कसा न्यायचा? हेड उघडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) कमी करावंच लागेल का? माझ्याकडे एकगाडी गॅरेज, बऱ्यापैकी हत्यारं आणि शनिवार-रविवार आहेत. लेथ नाही. कुणी असं काम केलंय का? निदान जवळून पाहिलंय का?

खिडकीशेजारी

वाचनखूण साठवली आहे. फोटो टाका.

मूळस्वरूप

माझं मत स्पष्टच सांगतो: करू नका.

मायनर ही ॲलेक इसिगोनिसने १९४८ साली साध्या माणसाला परवडेल, वळणावर विश्वासाने चालवता येईल म्हणून काढलेली गाडी. तिचा जीव तिच्या चालीत आहे, ताकदीत नाही. तुमच्या इंजिनाचा स्ट्रोक ८३.७२ मिमी, बोअर फक्त ६४.५८. लांब स्ट्रोक, क्रँकला तीनच मेन बेअरिंग. १०९८ चा क्रँक ए-सिरीजमध्ये नाजूक म्हणूनच ओळखला जातो. त्याच्यावर दाब चढवायचा हे मला पटत नाही.

पिकअपच हवा असेल तर १२७५ सीसीचं इंजिन बसवा. त्याच घराण्यातलं आहे, गिअरबॉक्सशी जुळतं, एमजी मिजेटमध्ये तेच इंजिन ६५ अश्वशक्ती देत होतं. बॉनेट उघडलं तरी कुणाला फरक कळणार नाही. पट्टे, ब्रॅकेट, व्हॉल्व्ह, कसलीही भानगड नाही.

दहाचा_पाना

@मूळस्वरूप, तुमचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. १२७५ चा विचार दोन वर्षं केला. पण हे इंजिन गाडीबरोबर कारखान्यातून आलंय, चॅसी आणि इंजिनाचे नंबर नोंदणीत जुळतात, आणि ते अजून ठणठणीत आहे. ते काढून कोपऱ्यात ठेवायला मन होत नाही. सुपरचार्जर बोल्टवर बसेल आणि बोल्टवर निघेल. मूळ मॅनिफोल्ड आणि सव्वा इंची एसयू कार्बोरेटर खोक्यात जपून ठेवणार आहे.

आणि हा प्रकार या गाड्यांना परका नाही. १९५० च्या दशकात शॉरॉकचे आणि मार्शल-नॉर्डेकचे ब्लोअर मायनरच्या मालकांनी हौसेने बसवले. अमेरिकेत बीटलला जडसन बसवत. त्या काळी घरच्या गॅरेजात होत होतं, तर आज का नाही?

बूस्टभाऊ

टर्बो लावा की! वाया जाणारा धूर कामाला येतो, इंजिनाची ताकद खर्ची पडत नाही. मेट्रो टर्बोमध्ये याच ए-सिरीजला ९३ अश्वशक्ती होती.

अनघा_चिंचवड

@बूस्टभाऊ, मेट्रोचं १२७५ टर्बोसाठी कारखान्यातच आतून बदललेलं होतं. शिवाय ए-सिरीजला इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. टर्बोचा लालबुंद कवच आणि कार्बोरेटर एकमेकांना खेटून येतात. घरी करायचं असेल तर ते दुखणं मोठं आहे. तेलाची वेगळी लाइन, ती सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या कढईला) परत आणायची, म्हणजे सम्पला भोक. टर्बोला वेगही चढू द्यावा लागतो. दहाचा_पाना दादांना स्नेक पासवर मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांत दम हवाय, तिथे पट्ट्यावरचा ब्लोअर लगेच हजर असतो.

आता गणित, कारण त्यावरच बाकी सगळं ठरतं.

चार-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात आपल्या आकारमानाच्या निम्मी हवा ओढतं. १०९८ चं निम्मं ५४९ सीसी. पण सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही. ८५ टक्के धरलं तर ४६७ सीसी. एम-४५ मधला ४५ म्हणजे घन इंच, फेऱ्याला साधारण ७३७ सीसी. रोटरच्या फटींमधून थोडी हवा मागे गळते, म्हणून तिथेही ८५ टक्के धरा: ६२६. क्रँक आणि ब्लोअर एकास एक फिरवले तर ६२६ भागिले ४६७, म्हणजे १.३४. वातावरणाच्या वर ०.३४ बार, जुन्या मापात ५ पीएसआय. ब्लोअर १४,००० फेऱ्यांपर्यंत सोसतो, तुमच्याकडे तो ५,५०० च्या वर जाणारच नाही. आरामात जगेल.

५ पीएसआयला ८.५ कॉम्प्रेशनचं तुमचं इंजिन हेड न उघडता चालेल, मात्र पेट्रोल चांगलं हवं आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घ्यायला हवं. यापुढे गेलात तर पिस्टन बदलण्याची गोष्ट सुरू होते. माझा आग्रह ५ वरच थांबण्याचा आहे.

उष्णतेचं लक्षात घ्या. तुमच्या ईटनसारखा रूट्स जातीचा ब्लोअर आत हवा दाबत नाही, तो नुसती बादल्या भरभरून पुढे लोटतो; दाब तयार होतो तो मॅनिफोल्डमध्ये. म्हणून तो हवा जास्त तापवतो. (रूट्स बंधूंनी १८६० मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलला या यंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती.) २० अंशांची हवा तुमच्याकडे ६५ च्या आसपास होऊन बाहेर पडेल. आमच्याकडे एप्रिलच्या चाळीस अंशांत तीच नव्वदला टेकेल.

म्हणूनच माझं मत: कार्बोरेटर ब्लोअरच्या आधी ठेवा. पेट्रोलची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं, माठातलं पाणी गार होतं त्याच तत्त्वाने. शिवाय कार्बोरेटर कायम साध्या हवेच्या दाबात राहतो, त्यामुळे जुना पेट्रोल पंप चालतो, कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या कटोरीला (फ्लोट चेंबरला) सील करायला नको. नंतर ठेवलात तर हे सगळं बदलावं लागेल.

खिडकीशेजारी

ऑनलाइन दीड हजार रुपयांत इलेक्ट्रिक सुपरचार्जर मिळतो, हवेच्या पाइपात बसवायचा पंखा. पट्टा नको, पुली नको. तो चालेल का?

अनघा_चिंचवड

नाही. त्याच इंजिनाचं बघा. ५,००० फेऱ्यांना ५ पीएसआय द्यायचे तर सेकंदाला पन्नासएक लिटर हवा लोटावी लागते. ब्लोअरमधली हानी धरून त्याला ३ किलोवॉटच्या वर ताकद लागते. १२ व्होल्टवर तो करंट होतो अडीचशे अँपिअरच्या पुढे. मायनरचा मूळ डायनॅमो २२ अँपिअरचा. त्या पंख्याची वायर बघा किती जाड आहे, उत्तर तिथेच मिळेल.

खिडकीशेजारी

कळलं. माझे दीड हजार वाचले, दिवाळीला चिवडा माझ्याकडून.

उद्यमनगरकर

भावा, नमस्कार. आपलं वर्कशॉप कोल्हापुरातच, शिवाजी उद्यमनगरात. वडलांपास्नं लेथवर हाय. सात वर्षांमागं एका हौशी माणसाच्या फियाटला आमीच ब्लोअर बसवला होता, खाजगी ट्रॅकवर पळवायला. तवा जे शिकलो ते सांगतो.

सगळी लोकं ब्लोअरकडं बघत्यात. खरं काम ब्रॅकेटचं हाय. पयला ब्रॅकेट आमी आठ मिमी प्लेटीचा केला. दिसायला दणकट. आयडलिंगला पट्टा रेषेत, जणू दोरी लावून आखलेला. गाडी तीन हजारावर नेली की पट्टा पुलीवरनं एक रांग पुढं सरकायचा. परत बंद करून बघितलं तर सगळं जागच्या जागी. चार दिवस डोकं खाल्लं त्यानं. मग मी बॉनेटवर वाकून टॉर्च मारून बघितलं आणि मित्रानं रेस केली. तवा दिसलं: पट्ट्याच्या ओढीनं ब्रॅकेट वाकतोय, केसभर. ब्लोअरचं नाक खाली झुकतंय आणि पट्टा त्या उतारावरनं घसरतोय. मग बारा मिमीची प्लेट घेतली, हेडला दोन आणि ब्लॉकला एक असा तीन जागी धरला, आणि ब्लोअरच्या मागल्या टोकाला एक टेकू दिला. तवापास्नं पट्टा हलला न्हाई.

दुसरं, व्ही पट्टा लावू नको. सहा रांगांचा पीके पट्टा घे. खाचेचं माप ३.५६ मिमी, कोन चाळीस अंशाचा. ब्लोअरच्या पुलीला पट्टा निम्म्याच्या वर गुंडाळला पायजे, त्यासाठी आयडलर (पट्टा दाबून धरणारी फिरती पुली) ढिल्या बाजूला लाव. ताणाच्या बाजूला लावलास तर त्याचं बेअरिंग खाऊन टाकंल.

लेथ न्हाई म्हणतोस. मापं पाठव. पुली हितं करून देतो.

दहाचा_पाना

@उद्यमनगरकर, दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे मामा उद्यमनगरातच पॅटर्नमेकर होते, त्यांच्या दुकानातला लाकडाचा भुसा आणि तेलाचा वास अजून नाकात आहे. मापं उद्या पाठवतो.

@अनघा_चिंचवड, तुमचं गणित कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीला चिकटवलंय. ५ पीएसआय, एकास एक. ठरलं.

आबा१९४४

विषयांतर होतंय, पण राहवत नाही. मायनर म्हटलं की मला आमची 'बेबी हिंदुस्थान' आठवते. हिंदुस्थान मोटर्सने मायनरच त्या नावाने इथे विकली होती. वडील गडहिंग्लजला डॉक्टर. तिचं इंजिन तुमच्यापेक्षाही लहान, ९१८ सीसीचं, साइड व्हॉल्व्हचं, अठ्ठावीसही अश्वशक्ती नव्हती. फोंडा घाट चढताना मधल्या वळणावर थांबायचंच. आम्ही भावंडं उड्या मारून उतरायचो, मोठा भाऊ चाकामागे धोंडा लावायचा, मी पितळी तांब्याने रेडिएटरमध्ये पाणी घालायचो. आई तेवढ्यात दशम्या सोडायची. गाडी गार होईपर्यंत आमचं जेवण.

तुमची धाकटी "गाडी दमली" म्हणते ना, आम्हीही हेच म्हणायचो. चढाला दम मिळाला तर मला फार आनंद होईल.

सुगरण_मी

आबा, दशम्यांसोबत काय असायचं तेही सांगा ना.

आबा१९४४

लसणाची चटणी आणि दह्यात कालवलेला कांदा.

नाशिकचा_फियाटवाला

धागा फारच उपयोगी चाललाय. माझ्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी, घरात पहिल्यापासून. आकडे जवळपास मायनरचेच. मलाही कसारा घाटात हाच त्रास. एम-४५ इथे मिळेल का? आणि आरटीओचं काय?

आरटीओची_पायरी

आरटीओचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे रस्त्यावर चालवायच्या गाडीला सुपरचार्जर लावून "कोण बघतंय" म्हणणं मला अजिबात मान्य नाही. अपघात झाला तर विमा कंपनी सर्वात आधी बॉनेट उघडते.

दुसरं, २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली हवी. तुमची पद्मिनी २०३६ मध्ये पन्नाशी गाठेल. आज फेरफार केलात तर तेव्हा हळहळाल.

उद्यमनगरकर

बराबर. आमची फियाट ट्रॅकवरच पळाली, ट्रॅकपर्यंत टेम्पोत घालून नेली. रस्त्यावर कदी काढली न्हाई.

मूळस्वरूप

आरटीओची_पायरी यांच्याशी शंभर टक्के सहमत. आणि पद्मिनी तर आपल्या मुंबईची. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली, आणि ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. जेवढ्या उरल्यात तेवढ्या आहेत तशा राहू द्या.

नाशिकचा_फियाटवाला

पटलं. रस्त्यासाठी नाही करत. पण माझ्याकडे पद्मिनीचं एक सुटं इंजिनही आहे, भाच्याला शिकवायला स्टँडवर बांधलेलं. त्याच्यावर करता येईल ना?

आरटीओची_पायरी

स्टँडवर खुशाल करा. त्याला नंबरप्लेट नाही.

अनघा_चिंचवड

@नाशिकचा_फियाटवाला, जुन्या मर्सिडीज कॉम्प्रेसर गाड्यांचे ईटनचे ब्लोअर अधूनमधून भंगारात येतात, तिकडे नजर ठेवा. आयसिनचा एएमआर ५०० सुद्धा लहान इंजिनाला चालतो, पण तो फेऱ्याला ५०० सीसीच देतो. एकास एक फिरवलात तर बूस्ट (जादा दाब) शून्य. त्याला दीडपट वेगाने फिरवावं लागेल.

दहाचा_पाना

मंडळी, पाच महिन्यांनी परत आलोय. बरंच काही झालंय, सविस्तर लिहितो.

पुली आली. धाकटा भाऊ दिवाळीनंतर इकडे आला, त्याच्या बॅगेत आईने दिलेल्या चकल्यांच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. कस्टम्सवाल्याने दोन्ही उघडून बघितलं. उद्यमनगरकर दादा, ती पुली बघून इथला माझा शेजारी, जो चाळीस वर्षं टूलरूममध्ये होता, तो अंगठा खाचांवरून फिरवत नुसता उभा राहिला. ११० मिमीची, क्रँकचीही तेवढीच. ब्लोअरवर मूळ पुली प्रेसने बसवलेली असते, ती पुलरने काढली. नवी ॲल्युमिनियमची, ती दीडशे अंशांवर तापवून सरकवायची असं दादांनी सांगितलं होतं. २५ मिमीच्या भोकाला तेवढ्या तापमानाने जेमतेम ०.०७ मिमी जागा मिळते, म्हणजे एकदाच संधी. बायकोने ओव्हनमधला केक काढला, मी पुली ठेवली. जाड हातमोजे घालून गॅरेजकडे पळत गेलो. 'टक्' असा आवाज होऊन ती खांद्याला टेकली आणि दहा सेकंदांत अशी धरली, की आता हलायचं नाव नाही.

मिनीत या ब्लोअरच्या मागच्या टोकाने पाण्याचा पंप फिरतो. ते दातेरी चाक काढून मागे पट्टी लावून बंद केलं. कुणी जुना घेणार असेल तर मागच्या खणातलं तेल जरूर तपासा, पुढचं भरलेलं असलं तरी मागचं वेगळं असतं. माझ्यात ते जवळजवळ वाळलं होतं. दोन्हीकडे सुपरचार्जरचंच तेल भरलं.

ब्रॅकेट बारा मिमीचा, तीन जागी धरलेला, मागे टेकू. पट्टा पहिल्या दिवसापासून जागचा हललेला नाही.

कार्बोरेटर एसयूचा पावणेदोन इंची, ब्लोअरच्या आधी. ए-सिरीजला दोन-दोन सिलिंडरमध्ये एकच इनलेट पोर्ट, म्हणून इंजेक्शनच्या भानगडीत पडलोच नाही. तिथे कुठल्या सिलिंडरला किती पेट्रोल गेलं हे सांभाळणं अवघड होतं. मॅनिफोल्डवर स्प्रिंगचा सुटका व्हॉल्व्ह बसवला, आठ पीएसआयला उघडणारा. हे कुणीही गाळू नका. ब्लोअर ते इंजिन हा अख्खा रस्ता पेट्रोलमिश्रित हवेने भरलेला असतो. बॅकफायर झाला तर तो भडका बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर रोटर आणि मॅनिफोल्ड दोन्ही जातात. गाडीत अग्निशामक नळकांडंही ठेवलंय.

टायमिंग: एकूण ॲडव्हान्स ३२ अंशांवरून २६ वर आणला. प्लग एनजीकेचे, बीपी ६ च्या जागी बीपी ७, म्हणजे एक पायरी थंड. सायलेन्सरच्या आधी लॅम्बडा सेन्सर लावून एका भाग पेट्रोलला किती भाग हवा जाते तो आकडा डॅशबोर्डवर घेतला.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा ब्लोअरची ती बारीक शीळ ऐकून दोन्ही मुली टाळ्या वाजवत गॅरेजात आल्या.

पण एक गोष्ट अडलीय. सपाटीला पूर्ण पाय दिला तर मिश्रण १२.३ दाखवतं, जसं हवं तसं. लांब चढ लागला की पंधराएक सेकंदांनी आकडा चढत जातो, १३, १३.५, आणि चौदाला टेकला की इंजिन टणटण वाजायला लागतं. लगेच पाय काढतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी निडल आणखी जाड मिश्रणाची लावून पाहिली, तर सपाटीला काळा धूर आणि चढाला पुन्हा तेच. काय असावं?

बूस्टभाऊ

बूस्ट कमी करा.

अनघा_चिंचवड

निडल नाही. निडल चुकीची असती तर पहिल्या सेकंदापासून चुकलं असतं. पंधरा सेकंदांनी चुकतंय, म्हणजे कटोरी हळूहळू रिकामी होतेय. पेट्रोल पोचत नाहीये. तोवर गाडी चढाला घालू नका. दाबाखाली कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं मिश्रण म्हणजे पिस्टनला भोक.

पंप सुटा करून बरणीत मोजा, मिनिटाला किती येतं ते.

उद्यमनगरकर

रबरी पाइप बग भावा. वरनं चांगला दिसंल. कापून आतनं बग.

दहाचा_पाना

दादा, तुम्ही तिकडे बसून कसं ओळखलंत!

पंप बरणीत मोजला, ठीक भरला. मग टाकीपासून पुढचा पाइप काढला. बाहेरून नवाकोरा, बोटाने दाबला तर किंचित मऊ. धारदार सुरीने उभा चिरला. आतला थर फुगून सुटला होता, सालीसारखा. पंपाने जोर लावला की ती साल आत ओढली जाऊन अर्धं भोक बंद. पंप सोडला की पुन्हा उघडं. आयडलिंगला काही कळणं शक्यच नव्हतं. इथे २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलंय, आणि हा पाइप त्याआधीचा. आता इथेनॉल सोसणारा पाइप पूर्ण लांबीला बदलला आणि पाच टक्के इथेनॉलचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरतो. निडल पुन्हा आधीची.

नाशिकचा_फियाटवाला

आपल्याकडे तर वीस टक्के झालंय. आजच पद्मिनीचे सगळे रबर बदलायला काढतो, सुपरचार्जर असो वा नसो.

मूळस्वरूप

हे मात्र सोन्यासारखं बोललात. मूळ स्वरूपाच्या गाड्यांनाही हे तितकंच लागू आहे.

दहाचा_पाना, मी अजूनही १२७५ च्याच बाजूचा आहे. पण तुम्ही ब्रेकचं काय केलंत? आणि मागच्या ॲक्सलचे अर्धे शाफ्ट? मायनरचे ते जुने शाफ्ट जादा जोराने तुटतात.

दहाचा_पाना

@मूळस्वरूप, आठवण केलीत ते फार बरं झालं. पुढे डिस्क ब्रेक आधीच बसवले होते. शाफ्ट तुमच्या सांगण्यावरून काढून बघितले. एकाच्या खोबणीजवळ केसासारखी चीर होती. ती सुपरचार्जरची देणगी नाही, चीर जुनी आहे, आत गंज धरलाय. पण ती तशीच राहिली असती तर स्नेक पासवरच कळली असती. दोन्ही नवे टाकले. मनापासून आभार.

विमा कंपनीला सगळं लेखी कळवलंय, फोटोंसह. हप्ता थोडा वाढला, तो दिला.

आबा१९४४

मग? घाट चढला का?

दहाचा_पाना

आबा, रविवारी गेलो. आम्ही चौघं, डबे, छत्र्या. सकाळी धुकं होतं, रस्ता ओला.

रोलिंग रोडवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर) आधी चाकांपाशी ३७ अश्वशक्ती आली होती, आता ५१ येते. कागदावर आकडा लहान वाटतो. पण ज्या वळणाला मी सहा वर्षं दुसरा गिअर टाकत आलो, तिथे हात गिअरवर नेला आणि तसाच ठेवला. टाकायची गरजच पडली नाही. तिसऱ्यात गाडी ओढत राहिली, शीळ थोडी वर गेली, लॅम्बडा १२.३, पाण्याचा काटा मध्यावर. माथ्यावर पोचल्यावर बॉनेट उघडून पट्टा बघितला, जागच्या जागी. तिथेच गाडीशेजारी उभं राहून दशम्या खाल्ल्या. लसणाची चटणी होती, दह्यातला कांदा मात्र राहिला.

धाकटी झोपली होती. तिला कळलंच नाही की गाडी दमली नाही.

आबा१९४४

वाचून दोन वेळा चष्मा पुसला. पुढच्या वेळी कांदा विसरू नका.

सुगरण_मी

पुली काढल्यावर तो केक परत ओव्हनमध्ये गेला का, आणि फुगला का?

दहाचा_पाना

गेला, पण मध्ये बसला. तरी संपला.

नाशिकचा_फियाटवाला

उद्यमनगरकर दादा, मला मर्सिडीजचा ब्लोअर मिळालाय. स्टँडवरच्या इंजिनासाठी. तीच पुली होईल का?

उद्यमनगरकर

खाचा त्याच, भोक येगळं असंल. मायक्रोमीटरनं शाफ्ट तीन जागी मोज आणि तिन्ही मापं पाठव, एकच न्हाई. मूळ पुली काढायच्या आधी ती नाकापास्नं किती आत बसलीय तेबी मोजून ठेव, ते लोकं इसरत्यात. शनवारी लेथ मोकळा हाय.